रात्रीच्या खेळाचा तिसरा अंक

भीतिकथेच्या उत्तरभागाकडे रसिक सहसा सावत्रभावाने पाहतात. पहिल्या भागात भूत प्रथमच दिसते. पुढच्या भागात ते ओळखीचे झालेले असते, आणि ओळखीच्या भुताला कोण भिणार? झी मराठी वाहिनीवरील ‘रात्रीस खेळ चाले’ या मालिकेच्या तिसऱ्या भागाच्या वाट्याला असेच काहीसे आले. पहिला भाग २०१६ साली आला आणि त्याने कुतूहल जागे केले. २०१९ च्या जानेवारीत आलेल्या दुसऱ्याने अण्णा नाईक आणि शेवंता ही नावे घरोघर पोहोचवली. २०२१ च्या मार्चमध्ये सुरू झालेला तिसरा मात्र महामारीच्या निर्बंधांमुळे थोड्याच दिवसांत थांबला, काही महिन्यांनी पुन्हा उभा राहिला, मध्येच शेवंतेची भूमिका करणारी अभिनेत्री बदलली, आणि २०२२ साली तो संपला तेव्हा फारशी चर्चाही झाली नाही. त्याची बाजू मांडावी असे पुष्कळ त्यात आहे, आणि ती मांडायला पेडणे-डिचोलीसारखी दुसरी जागा नाही.

या मालिकेचे चित्रण सावंतवाडीजवळच्या आकेरी गावातील एका जुन्या घरात झाले. पेडण्याहून ते फार लांब नाही. १७८८ साली पोर्तुगीजांकडे जाईपर्यंत पेडणे महाल सावंतवाडीकर भोसल्यांच्याच राज्यात होता. मध्ये सरहद्द आली, पण बोली, देवस्थाने आणि दशावतारी मंडळ्या यांनी ती फारशी मनावर घेतली नाही. म्हणूनच त्या नाईकांच्या घरातले मालवणी बोलणे पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकाला गंमतीचे वाटले, तरी पेडण्यात ते शेजारच्या पडवीतून आल्यासारखे ऐकू आले.

आता त्या तिसऱ्या भागाकडे वळू. दुसरा भाग हा वस्तुतः पूर्वकथा होता. अण्णा त्यात जिवंत आहे. माधव अभ्यंकर यांनी तो जमीन हडपणारा, बायका नासवणारा, खून पचवणारा जमीनदार अशा ताकदीने उभा केला की प्रेक्षक त्याच्या प्रेमातच पडले. (खलनायकाच्या प्रेमात पडण्याची ही खोड जुनीच आहे.) तिसऱ्या भागात अण्णा मेलेला आहे, शेवंता मेलेली आहे, वाडा पडका झाला आहे, मुले पांगली आहेत, आणि त्या पडक्या वाड्यात माई एकटी आहे. ज्यांना अण्णाची मिजास हवी होती, त्यांना हे पाहवले नाही. परंतु भयकथा म्हणून पाहिले तर खरा प्रश्न येथेच विचारला गेला आहे: ज्याने पाप केले तो सुटला, घर सांभाळायला जी उरली, तिने काय करावे? शकुंतला नरे यांची माई भुतापेक्षा अधिक भिववते, कारण तिचे वागणे आपल्याला कळते. नवऱ्याने जन्मभर छळले, आणि तरी त्याच्या घराची राखण तीच करते आहे.

डिचोली तालुक्यातल्या कोणत्याही गावात फिरणाऱ्याला असे घर दाखवावे लागत नाही. दाराला कुलूप, छपराचे नळे सरकलेले, अंगणात तुळस असो की क्रूस, त्याभोवती रान माजलेले. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेने गोव्यात मुलगा-मुलगी असा भेद न करता सर्व अपत्यांना वारसाहक्क दिला. ही न्यायाची गोष्ट आहे आणि तिचा अभिमान बाळगावा. पण पिढ्यान्‌पिढ्या वाटणी न झालेल्या घराला वारस पुष्कळ आणि कौले परतणारा कोणीच नाही, हेही तितकेच खरे. मालिकेचा पहिला भागही अण्णांच्या मृत्यूनंतर मालमत्तेसाठी जमलेल्या मुलांपासूनच सुरू झाला होता. तिसरा भाग त्या भांडणाचे फळ दाखवतो. भूत तेथे नंतर येते. घर आधीच ओसाड झालेले असते.

पूर्वसूरींना केलेले नमस्कारही या मालिकेत जागोजागी आहेत. तिचे नावच १९७६ च्या ‘हा खेळ सावल्यांचा’ या वसंत जोगळेकरांच्या चित्रपटातील गीतावरून घेतलेले आहे. ते गीत सुधीर मोघ्यांचे, आणि संगीत हृदयनाथ मंगेशकरांचे, म्हणजे मूळ गोव्यातल्या मंगेशीचे. दुसरा नमस्कार दशावताराला आहे, आणि तो अधिक सूक्ष्म. दशावताराच्या पूर्वरंगात काळ्या वेषातला संकासूर येतो. लहान मुले आईच्या पदराआड दडतात, आणि त्याच क्षणी तो गावठी बोलीत असे काही बोलतो की सगळा मांडव हसतो. भय आणि हसे यांची ही एकाच श्वासातली गाठ नाईकांच्या घरातल्या पांडूने पुढे चालवली. सगळे विसरणारा, ‘इसारलंय’ म्हणणारा हा गडी प्रल्हाद कुडतरकर यांनी रंगवला, आणि मालिकेच्या लेखनातही त्यांचाच हात होता. पांडू विसरतो म्हणून आपण हसतो. पण त्या घरात विसरणे हे जगण्याचे एकच साधन आहे, हे तिसऱ्या भागापर्यंत पोहोचल्यावर ध्यानात येते.

पहिल्या भागावर अंधश्रद्धा पसरवल्याचा आणि कोकणची बदनामी केल्याचा आक्षेप घेतला गेला होता. तो अगदीच वावगा म्हणता येणार नाही. बाईच्या अंगात येणे हा मनोरंजनाचा विषय करताना हात जपूनच ठेवावा लागतो. तथापि पेडण्याच्या माणसाला भुताची ओळख वाहिनीने करून द्यावी लागलेली नाही. भगवतीच्या देवळापाशी कोजागिरीच्या पुनवेला रवळनाथ आणि भूतनाथ यांची तरंगे निघतात, त्या रात्री भूतबाधा उतरते असा समज पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. देवचाराला रोट आणि सोरो ठेवणारी माणसे गोव्यात दोन्ही धर्मांत सापडतात. हा समज डोळसपणे तपासायला हवा. पण त्यामागे रानाची, सीमेची, पाण्याची राखण करणारा कोणीतरी असावा ही जी आस आहे, ती मालिकेतल्या भुतांत नाही. अण्णा कोणाचीच राखण करीत नाही. तो मेल्यावरही घेतच राहतो. देवचार आणि अण्णा यांतला हा फरक पेडण्यातल्या म्हाताऱ्या बाईला चटकन कळेल.

दोष आहेतच. रोजच्या मालिकेला जे ताणावे लागते ते तिसऱ्या भागातही ताणलेले आहे, दचकवण्याच्या त्याच त्या युक्त्या पुन्हा येतात, आणि काही आठवडे तर नुसते वळसे आहेत. ज्यांना पाहायचे असेल त्यांनी पहिला भाग पाहून थेट तिसऱ्याकडे यावे. दुसरा, सर्वांचा लाडका, शेवटी ठेवावा. माईला त्या पडक्या वाड्यात एकदा पाहिल्यावर मग जिवंत अण्णाच्या मिजाशीला टाळी वाजवणे तितके सोपे राहत नाही.