प्रेम म्हणजे नुसती भूल?

श्रोतेहो, लग्नाच्या मांडवात एखादा वडीलधारा हसत हसत म्हणतोच, "चार दिवसांचं चांदणं आहे बाबा, पुढं आहेच चटणी-भाकर!" हेच शोपेनहौअर नावाच्या जर्मन पंडिताने १८४४ साली मोठ्या गंभीरपणे मांडले. त्याचे म्हणणे असे, की वंश चालावा म्हणून सृष्टी माणसाला जी भूल घालते, तिचेच नाव प्रेम. काम साधले की भूल उतरते. हे गृहस्थ जन्मभर अविवाहित राहिले, पण तेवढ्यावरून त्यांना खोटे पाडणे बरे नव्हे. भूल उतरलेली घरे तुम्हीआम्हीही पाहिली आहेत.

तरी मला आपल्या नागपूरचे एक जोडपे आठवते. कवी अनिल, म्हणजे आत्माराम रावजी देशपांडे, आणि कुसुमावतीबाई. त्यांचे लग्न १९२९ साली झाले. त्याआधी कित्येक वर्षे दोघांचा पत्रव्यवहार चालू होता. मध्यंतरी बाई शिकायला विलायतेस गेल्या. आता तो पंडित म्हणेल, "लग्नाआधीची पत्रं कसली दाखवता? भूल असते ती तेव्हाच!" कबूल. पत्रे हा पुरावा नव्हेच.

पुरावा पुढचा आहे. कुसुमावतीबाईंनी नागपुरात इंग्रजी शिकवले, कथा लिहिल्या, मराठी कादंबरीच्या पहिल्या शतकाचा अभ्यास ग्रंथरूपाने मांडला. १९५८ साली मालवणच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष अनिल होते. १९६१ साली ग्वाल्हेरला बाई अध्यक्ष झाल्या, त्या पदावरच्या पहिल्याच स्त्री. एकाच्या सावलीत दुसऱ्याचे झाड खुरटले नाही. पंडिताचा हिशेब चुकतो तो इथे. हवी ती वस्तू मिळाली की तिची गोडी संपते, हे खरे. पण माणूस काही असा एकदाच हाती येऊन संपत नाही. आज वाचलेल्या पुस्तकाविषयी त्याला काय वाटले, हे उद्या पुन्हा विचारावेच लागते.

त्याच वर्षी, नोव्हेंबरात, बाई गेल्या. पुढे १९७२ साली ती जुनी पत्रे 'कुसुमानिल' या नावाने प्रसिद्ध झाली, तेव्हा अनिलांनी सत्तरी ओलांडली होती. काम साधले म्हणावे, तर ते केव्हाच साधून गेले होते. मग या वयात ते तरुणपणचे कागद चारचौघांपुढे कशासाठी ठेवायचे? शिक्षकबंधूंनो, शाळेच्या वाचनालयात हे पुस्तक असेल तर जरूर काढा, आणि वाचताना या प्रश्नाचे उत्तर तुम्हीच शोधा.