जर्मनीने दिलेली मुभा आणि आपला कायदा



२७ जून २०२४ रोजी जर्मनीत नागरिकत्वाचा सुधारित कायदा लागू झाला. तेव्हापासून आपल्याकडच्या कित्येक घरांत एक वाक्य ऐकू येतं, ‘आता तिकडे दुहेरी नागरिकत्व चालतं.’ जर्मनीच्या बाजूने ते खरं आहे. पण एका देशाने दिलेली मुभा दुसऱ्या देशावर बंधनकारक नसते. एवढी एक गोष्ट ध्यानात न घेतल्यामुळे माणसं विमानतळावर, बँकेत आणि तलाठी कार्यालयात अडकतात. म्हणून हा विषय आज इथे मुद्दाम घेतला आहे.

जर्मनीने ही मुभा सहजासहजी दिलेली नाही. १९१३च्या कायद्यानुसार तिथे नागरिकत्व आईवडिलांकडून यायचं. कुठे जन्मलात याला महत्त्व नव्हतं. १९६१मध्ये तुर्कस्तानशी करार करून कामगार आणले. ते दोन वर्षांनी परत जातील अशी अपेक्षा होती. ते राहिले, त्यांना नातवंडं झाली, पण जर्मन व्हायचं तर तुर्की नागरिकत्व सोडण्याची अट कायम होती. २००० साली जर्मनीत जन्मलेल्या मुलांना काही अटींवर नागरिकत्व मिळू लागलं, पण त्याच सुधारणेने एक जुनी वाट बंद केली. त्याआधी जर्मनीत राहूनच तुर्की नागरिकत्व पुन्हा घेतलं, तरी जर्मन नागरिकत्व टिकत असे. २०००नंतर ते आपोआप जाऊ लागलं. हजारो तुर्की कुटुंबांना हे फार उशिरा कळलं, तोवर हातातला जर्मन पासपोर्ट निरर्थक झालेला होता. हा इतिहास आपण वाचला पाहिजे, कारण ‘आपोआप जाणं’ हा प्रकार आपल्याही वाट्याला येतो. फक्त आपल्या बाबतीत जातं ते भारतीय नागरिकत्व.

नव्या कायद्यातल्या अटी थोडक्यात सांगतो. वास्तव्य आठऐवजी पाच वर्षांचं, जर्मन भाषा बी-वन पातळीची, स्वतःच्या कमाईवर घर चालणं, तेहतीसपैकी सतरा उत्तरं बरोबर लागणारी चाचणी, आणि मोठ्या माणसाला २५५ युरो शुल्क. विशेष प्रगती दाखवणाऱ्यांना तीन वर्षांत नागरिकत्व देण्याची सवलत होती, ती ऑक्टोबर २०२५मध्ये रद्द झाली.

आता ज्यांना खरोखर दोन नागरिकत्वं ठेवता येतात, त्यांचं काय होतं ते पाहू. जर्मन-अमेरिकन माणूस जर्मनीत फक्त जर्मन असतो आणि अमेरिकेत फक्त अमेरिकन. अमेरिकेत शिरताना त्याला अमेरिकेचाच पासपोर्ट दाखवावा लागतो. तो जन्मभर स्टुटगार्टमध्ये राहिला, तरी अमेरिकेचं कर विवरणपत्र भरण्याच्या बंधनातून सुटत नाही. जर्मन न्यायालयात कोणत्या देशाचा कायदा लावायचा हा प्रश्न नागरिकत्वावर ठरणार असेल, तर तिथे त्याचं जर्मन असणंच धरलं जातं.

संकटात तर हे फारच जड जातं. जमशीद शारमहद तेहरानमध्ये जन्मलेले, जर्मन नागरिक झालेले गृहस्थ. इराण दुहेरी नागरिकत्व मानत नाही, त्यामुळे इराणच्या लेखी शारमहद इराणीच. ऑक्टोबर २०२४मध्ये इराणने त्यांना मृत्युदंड दिल्याचं जाहीर केलं. जर्मनीने फ्रँकफर्ट, हॅम्बुर्ग आणि म्युनिक इथले इराणचे तिन्ही वाणिज्य दूतावास बंद केले, पण माणूस वाचला नाही. ज्या देशाचे आपण नागरिक आहोत त्याच देशात अडकलो, तर आपला दुसरा देश फार काही करू शकत नाही.

भारतीयाला मात्र या दुहेरी स्थितीत राहताच येत नाही. आपल्या संविधानाचा नववा अनुच्छेद आणि १९५५च्या नागरिकत्व कायद्याचं नववं कलम अगदी स्पष्ट आहे. स्वेच्छेने परदेशी नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व संपतं. त्यासाठी अर्ज लागत नाही, कुणी सही करावी लागत नाही. जर्मन कार्यालयात नागरिकत्वाचं प्रमाणपत्र, ज्याला तिकडची आपली मंडळी नुसतं ‘उर्कुंडे’ म्हणतात, ते हातात पडतं त्याच क्षणी हा बदल होतो.

तो दिवस जरा जवळून पाहू. सकाळी निष्ठेची प्रतिज्ञा म्हटली, प्रमाणपत्र घेतलं, फोटो काढला. आता कायमच्या वास्तव्याच्या परवान्याला काही अर्थ उरलेला नाही, कारण नागरिकाला परवाना लागत नाही. खिशातला भारतीय पासपोर्ट अजून पाच वर्षं मुदतीचा दिसतो, पण त्यावर प्रवास केला तर तो गैरवापर ठरतो आणि दंड होतो. जर्मन पासपोर्ट यायला काही आठवडे जातात. तो आला की जुना पासपोर्ट भारतीय वाणिज्य दूतावासात जमा करून सरेंडर सर्टिफिकेट घ्यायचं, मग ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्डाचा अर्ज करायचा, आणि कार्ड येण्यापूर्वी घरी यायचं तर परदेशी माणसासारखा व्हिसा काढायचा. घरात लग्न असेल किंवा आईचं ऑपरेशन ठरलेलं असेल, तर प्रमाणपत्राची तारीख त्याप्रमाणे ठरवा. एवढी साधी काळजी न घेतल्याने माणसं हवी त्या दिवशी घरी पोचू शकत नाहीत.

ओसीआय कार्डाला पुष्कळजण दुहेरी नागरिकत्व म्हणतात. तसं ते नाही. तो आयुष्यभराचा व्हिसा आहे, आणि बऱ्याच आर्थिक बाबतींत अनिवासी भारतीयांसारखी वागणूक आहे. मतदान नाही, निवडणूक लढवता येत नाही, सरकारी नोकरी सर्वसाधारणपणे नाही. संशोधन किंवा पत्रकारिता करायची तर वेगळी परवानगी लागते.

मराठी माणसाला आणखी एक अडचण येते, ती नावाची. आपल्या पासपोर्टवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव बहुधा स्वतःच्या नावाला जोडून छापलेलं असतं. समजा, ‘अनघा सुरेश’ हे नाव आणि ‘जोशी’ हे आडनाव. जर्मनीत सुरेश हेही तिचंच नाव ठरतं. नागरिक झाल्यावर तिथल्या नोंदणी कार्यालयात निवेदन देऊन हे मधलं नाव काढून टाकता येतं, आणि अनेकांना ते सोयीचं वाटतं. पण मग जर्मन पासपोर्टवर ‘अनघा जोशी’ आणि जन्मदाखला, पॅन, पदवी, बँक, सात-बारा सगळीकडे ‘अनघा सुरेश जोशी’. दोन्ही नावांची व्यक्ती एकच आहे हे पुढे प्रत्येक ठिकाणी सिद्ध करत बसावं लागतं. माझं मत विचाराल तर मधलं नाव राहू द्यावं.

सात-बाराचा विषय निघालाच आहे. ओसीआय कार्डधारकाला फ्लॅट घेता येतो, शेतजमीन किंवा फार्महाऊस घेता येत नाही. वारसाहक्काने मात्र शेतजमीन मिळू शकते. फरक इथे आहे: वडिलांनी हयातीत प्रेमाने बक्षीसपत्र करून शेत दिलं, तर ते चालत नाही. तेच शेत त्यांच्या पश्चात वारसाने आलं, तर चालतं. विकायचं झालं तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकता येतं. मूल अजून भारतात राहत असताना हा विचार घरात करावा.

मग इतकं सगळं असून लोक जर्मन नागरिकत्व का घेतात? त्यामागे नुसती हौस नसते. जर्मनीतला कायम वास्तव्याचा परवाना सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिल्यास सहसा रद्द होतो. वडिलांना अर्धांगाचा झटका आला आणि वर्षभर कोल्हापुरात राहून सेवा करायची, तर परवानाधारकाची तिकडची सगळी उभारणी धोक्यात येते. नागरिकाला ही भीती नाही. तो पाच वर्षं इथे राहून परत जाऊ शकतो. म्हाताऱ्या आईबापांसाठीच भारतीय पासपोर्ट सोडावा लागतो, ही या पिढीची खरी वेदना आहे, आणि तो पासपोर्ट सोडणाऱ्याच्या माथी कृतघ्नपणा मारणं अन्याय आहे.

मात्र परत येणाऱ्यांनी एक कलम माहीत करून घ्यावं. जर्मनीत राहत असताना वारसाकर सगळ्यांनाच लागतो. पण देश सोडून गेल्यावरही जर्मन नागरिकावर तो आणखी पाच वर्षं लागू राहतो. भारतात वारसाकर १९८५मध्ये गेला, म्हणून आपल्या मनात हा कर येतच नाही. आई किंवा वडील, प्रत्येकाकडून मिळणाऱ्या वारशात चार लाख युरोपर्यंत मुलाला सूट आहे. मध्यमवर्गीय फ्लॅटपुरती ती पुरते. पुण्यातल्या प्रभात रोडवरचा जुना बंगला असेल तर कदाचित पुरणार नाही. अशा घरांनी मृत्युपत्र करण्याआधी इथला वकील आणि तिथला कर सल्लागार, दोघांनाही सोबत विचारावं.