वजन कमी करायचं ऑपरेशन: कर्जाच्या अर्जाआधी समजून घेऊ
(प्रभागसंघाच्या मासिक सभेत क्षेत्र समन्वयकांनी दिलेली माहिती)

वजनाच्या ऑपरेशनसाठी गटातून कर्ज द्यायचं का, असा प्रश्न आलाय. कर्जाचं गट ठरवेल. पण हे ऑपरेशन असतं काय, ते आधी बघू.

हे पोटावरची चरबी काढायचं ऑपरेशन नाही. ते जठरावर होतं, दुर्बिणीतून. त्यात दोन प्रकार जास्त चालतात.

पहिला, स्लीव्ह. यात जठराचा पाऊण भाग कापून काढतात, केळ्याएवढी नळी उरते. भूक कमी लागते, थोडक्यात पोट भरतं. आतड्याला हात लावत नाहीत. पण कापलेलं जठर परत बसवता येत नाही. आणि छातीत जळजळ होणाऱ्या बाईचा त्रास वाढू शकतो.

दुसरा, बायपास. जठराची लिंबाएवढी पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडतात. मधुमेह आणि जळजळ असेल तर बहुतेक वेळा याचा फायदा जास्त. पण ऑपरेशन मोठं. गोड खाल्लं की घाम, चक्कर, जुलाब होऊ शकतात. लोह, कॅल्शियम, बी-१२ अंगी कमी लागतं.

इथंच आपण थांबून विचार करायचा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ प्रमाणे महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्त कमी आहे. म्हणून आधी हिमोग्लोबिन तपासा. ऑपरेशन कुठलंही असो, गोळ्या आणि रक्ततपासणी जन्मभर. अर्जात हा खर्चही धरा.

तरुण मुलींसाठी: ऑपरेशननंतर १२ ते १८ महिने दिवस राहू देऊ नयेत. बायपासनंतर गर्भनिरोधक गोळ्यांवर भरवसा ठेवता येत नाही, तांबी किंवा दुसरा उपाय डॉक्टरांना विचारा.

डॉक्टरांना हे विचारा: माझ्यासाठी हाच प्रकार का? मधुमेहाच्या गोळ्या कधी, किती कमी होतील? वर्षभर तपासणीला कुठं यायचं? योजनेत बसतं का, ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारा.

आणि एक. जाड बाईला "खाते फार" म्हणून हसू नका. लठ्ठपणा हा आजार आहे. तिच्यासोबत दवाखान्यात गटातली एक तरी बाई जाऊ द्या.