फाशी द्या, पण कुणाला?

(अभ्यासशिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आधी कबुली देतो. २००६ साली खैरलांजीत एका घरातली चार माणसं मारली, तेव्हा मोर्चात 'फाशी द्या' म्हणून ओरडणाऱ्यांत मीही होतो. घसा बसला होता. २००८ साली भंडाऱ्याच्या कोर्टाने सहा जणांना फाशी सुनावली, वस्तीत फटाके वाजले. आणि निकालपत्रात काय? अ‍ॅट्रॉसिटी शाबीत नाही! म्हणजे त्या संध्याकाळी जात गावातच नव्हती. २०१० साली नागपूर खंडपीठाने फाशीची पंचवीस वर्षं केली. जात आधीच गेली होती, मग फाशीही गेली. आपल्याकडे उरली ती घोषणा.

तेव्हापासून एकच प्रश्न डोक्यात भुणभुणतोय. दोर वळतात तो कुणाच्या मानेच्या मापाने?

दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाचा अहवाल २०१६ साली आला. फाशीची शिक्षा झालेल्या ३७३ कैद्यांचा हा अभ्यास. शंभरातले चौऱ्याहत्तर आर्थिकदृष्ट्या दुबळे. दलित-आदिवासी जवळजवळ पाव. वकील लावायला घरातली गाय विकणारी ही माणसं.

आता महाराष्ट्रातलाच खटला घ्या. २००३ सालचं खून-बलात्काराचं प्रकरण. पकडले कोण? भटक्या जमातीतले सहा मजूर. २००९ साली सुप्रीम कोर्टाने सहाही जणांच्या फाशीवर शिक्का मारला. २०१९ साली त्याच कोर्टाने सहाही जणांना निर्दोष सोडलं! जिवंत राहिलेल्या साक्षीदार बाईने पोलिसांच्या फोटोंतून भलतेच चौघे ओळखले होते. त्यांच्याकडे तपास वळलाच नाही. सोळा वर्षं तुरुंगात, भरपाई माणशी पाच लाख. हिशेब तुम्हीच करा, एका वर्षाला एकतीस हजार. रोजगार हमीवर बरे पडले असते.

कुणी म्हणेल, लोकांनाच फाशी हवी आहे. १९८३ साली माछी सिंग खटल्यात सुप्रीम कोर्टाने समाजाची सामूहिक सदसद्विवेकबुद्धी हादरण्याची भाषा आणली. कुठला समाज? गावकुसाबाहेरचा मेला तर हा समाज झोपेत कूस तरी बदलतो का? २००९ साली बरियार खटल्यात दुसऱ्या खंडपीठाने सांगितलं, फाशी ठरवताना लोकमताला जागा नाही. पण टीव्हीच्या पडद्यावर ते कोण वाचणार!

आणि लोक खरंच इतके रक्तपिपासू आहेत? ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात संशोधकांनी १३८ खटल्यांतल्या ज्युरींना विचारलं, तुम्ही काय शिक्षा दिली असती? सगळा पुरावा ऐकून बसलेली ही साधी माणसं. निम्म्याहून जास्तींनी न्यायाधीशापेक्षा सौम्य शिक्षा सांगितली. न्यायाधीशाची शिक्षा कळल्यावर शंभरातल्या नव्वदांनी ती योग्य मानली. माणूस समोर दिसला, त्याची कहाणी ऐकली, की हात थबकतो. नुसता मथळा वाचला की दोर मागतो.

बाबासाहेब ३ जून १९४९ ला घटना समितीत बोलले होते, फाशीच रद्द केलेली बरी. त्यांच्या जयंतीला डीजे लावणाऱ्या आपल्यापैकी किती जणांना हे ठाऊक आहे? मलाही मोर्चानंतर कितीतरी वर्षांनी कळलं.

म्हणजे खुन्याला मोकळं सोडा असं मी म्हणत नाही. खैरलांजीत आपल्याला हवी होती ती जातीची नोंद, कागदावर, कोर्टाच्या शिक्क्यानिशी. ती मागायचं सोडून आपण दोर मागत बसलो. निकालपत्राची झेरॉक्स आणली आहे. जेवणानंतर सगळे बसू, मोठ्याने वाचू. इंग्रजी अडेल तिथे पोरी सांगतील.