एका 'पंच'ची कुळकथा



मुष्टियुद्धाच्या रिंगणात एक खेळाडू दुसऱ्याला 'पंच' मारतो आणि शेजारी उभा असलेला 'पंच' ते पाहत असतो. मराठी माणसाचा यात गोंधळ होत नाही. पहिला शब्द साहेबाचा, दुसरा गावच्या पारावरचा. परंतु इंग्रजी शब्दकोशात हाच चिमुकला शब्द काढून पाहिला, तर तेथे एक कुटुंब नव्हे, निरनिराळ्या कुळांतील मंडळी एकाच नावाने नांदताना आढळतात.

पहिले कूळ लॅटिन. 'टोचणे' या अर्थाच्या 'पुंगेरे' या धातूपासून फ्रेंचमार्गे भोक पाडण्याच्या हत्याराचे नाव इंग्रजीत आले. कागदाला भोके पाडणारा कचेरीतला पंच तो हाच. सायकलच्या चाकाचे पंक्चर, भूमितीतला पॉइंट आणि वेळ पाळणारा पंक्चुअल माणूस हे सारे त्याचे भाऊबंद. टोचण्यावरून ढोसणे, ढोसण्यावरून ठोसा असा अर्थ सरकत गेला. अमेरिकेत गुरे हाकणाऱ्या गुराख्याला 'काउ-पंचर' म्हणतात, तेथे पराणीने टोचण्याचा तो जुना अर्थ अजून जिवंत आहे.

दुसरे कूळ इटलीतील नेपल्सचे. तेथील लोकनाट्यात बाकदार नाकाचा 'पुल्चिनेल्ला' नावाचा विदूषक असे. तो कळसूत्री बाहुल्यांच्या खेळातून इंग्लंडात पोहोचला. सॅम्युअल पेप्स याने मे १६६२ मध्ये लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये असा खेळ पाहिल्याची नोंद आपल्या रोजनिशीत केली आहे. पुढे 'पुल्चिनेल्ला'चा 'पंच' झाला आणि १८४१ मध्ये लंडनला निघालेल्या विनोदी साप्ताहिकाने तेच नाव घेतले. त्याचा लौकिक एवढा, की हिंदुस्थानातही त्या नावाची पत्रे निघाली. लखनौला 'अवध पंच' निघाले, तर ठाण्याहून 'हिंदुपंच' हे मराठी साप्ताहिक निघत असे. गंमत अशी की, मराठी वाचकाला त्या नावात नेपल्सचा विदूषक दिसला नसेल. न्याय करणारा गावचा पंचच दिसला असेल.

तिसरे कूळ आपल्या घराशी नाते सांगणारे. पंच नावाचे एक मिश्र पेय आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरांच्या पत्रव्यवहारात १६३२ मध्येच ते नाव सापडते. शिवछत्रपतींच्या काळात येथे आलेला कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर याचा प्रवासग्रंथ १६९८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याने या पेयाचे नाव पाच या अर्थाच्या हिंदुस्थानी शब्दावरून आल्याचे सांगितले आहे. मद्य, साखर, लिंबाचा रस, पाणी आणि मसाला हे पाच घटक सामान्यतः सांगितले जातात. पंचामृत, पंचगव्य, पंचखाद्य असे शब्द रोज उच्चारणाऱ्या समाजाला ही उपपत्ती क्षणात पटते. १८८६ च्या 'हॉब्सन-जॉब्सन' या कोशातही ती नोंदलेली आहे.

येथे टाळी वाजवून थांबण्याचा मोह होतो. पण पुढची नोंदही वाचली पाहिजे. काही कोशकारांनी शंका घेतली आहे. त्या काळी इंग्रजांच्या तोंडी हा उच्चार 'पुंच'च्या जवळचा होता, मग 'पंच'चा 'पुंच' कसा झाला? जुन्या कृतींत घटक नेहमी पाचच असत, असेही नाही. म्हणून मोठ्या पिंपाला असलेल्या 'पंचन' या शब्दाचे हे लघुरूप असावे, असे दुसरे मत मांडले जाते. फ्रायरची साक्ष जुनी आणि वजनदार आहे. तरीही वाद मिटलेला नाही.

ही शंका सांगितल्याने आपले काही उणे होते काय? मुळीच नाही. 'लूट' इंग्रजांनी येथून उचलली, 'जंगल' उचलले, शर्करेची शुगर फारसी-अरबी वाटेने युरोपात गेली, याला भक्कम पुरावे आहेत. परंतु प्रत्येक इंग्रजी शब्द संस्कृतातूनच निघाला, असे छातीठोकपणे सांगणारा कार्यकर्ता नकळत या खऱ्या पुराव्यांवरच पाणी सोडतो. एक खोटा दावा उघडा पडला की, प्रतिपक्ष दहा खरे दावे त्याच्याबरोबर केराच्या टोपलीत टाकतो. इंग्रजी 'फाइव्ह' आणि संस्कृत 'पञ्च' एकाच प्राचीन मुळाचे आहेत, हे आता सर्वमान्य आहे. ते नाते बहिणींचे आहे, माय-लेकीचे नव्हे. बहिणीचे नाते काय कमी थोर असते?

आपली परंपराही हेच शिकवते. सर्व नामे धातूंपासून झाली, असे शाकटायन म्हणे. गार्ग्याला ते मान्य नव्हते. यास्काचार्यांचा कल शाकटायनाकडे होता, तरी गार्ग्याचे आक्षेप त्यांनी निरुक्तात नोंदवून ठेवले, म्हणूनच ते आज आपल्याला कळतात. विरोधी मत खोडण्यापूर्वी ते नीट मांडणे, ही आपल्या शास्त्रचर्चेची रीत आहे.

घरात मुलाने एखाद्या शब्दाचे मूळ विचारले, तर अभिमानाने उत्तर द्यावे. पण आधी कोश उघडावा. मराठीतला पंच दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय निवाडा देत नाही. शब्दांच्या बाबतीतही आधी पंचनामा व्हावा, मग निकाल.