वाचोपचार : इस्पितळ, शाळा की स्वतःची खोली?



सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत केंद्र सरकारच्या एका अधिकाऱ्याने वाचोपचारावर बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. आम्ही साधे बी.ए.; वैद्यकाशी आमचा संबंध रुग्णाचे नातेवाईक एवढाच. परंतु त्याच नात्याने या व्यवसायाची दालने आम्हांस जवळून पाहावयास मिळाली. आपली मुले व्यवसायनिवडीच्या उंबरठ्यावर उभी आहेत. त्यांच्या उपयोगी पडावे म्हणून हे धाडस.

आपल्या देशात ही विद्या तशी तरुण आहे. म्हैसूरची अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था १९६५ साली स्थापन झाली. मुंबईच्या नायर रुग्णालयातही त्याच दशकात हे शिक्षण सुरू झाले. वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ची. पुढे १९९२च्या कायद्याने भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आवश्यक ठरली. आज बारावी विज्ञानानंतर, प्रत्यक्षानुभवाच्या वर्षासह, चार वर्षांत पदवी मिळते.

आमची पुतणी ही पदवी घेऊन बाहेर पडली, तेव्हा आम्ही तिला ठासून सांगितले, "सरकारी संस्थेत कायमची जागा पाहा. वेतनश्रेणी आहे, रजा आहे." ती हसून म्हणाली, "काका, तुम्ही नोकरी पाहता. मला रुग्ण पाहू द्या." तिचे म्हणणे त्या वेळी आम्हांस पोरकट वाटले.

तिने आरंभ केला इस्पितळात. पक्षाघाताने वाचा गेलेले, गिळताना ठसका लागणारे, टाळू दुभंगलेली बालके, कानात यंत्र बसविल्यावर प्रथमच आवाज ओळखू लागलेली मुले, असे नाना प्रकारचे रुग्ण तिथे येतात. मज्जातंतूंचे व कान-नाक-घशाचे तज्ज्ञ शेजारी असतात. नवशिक्याला याहून मोठी शाळा नाही. परंतु खाट रिकामी करावयाची घाई असते. रुग्ण घरी गेला की तो पुढे बोलू लागला की नाही, हे पुष्कळदा कळतही नाही.

नंतर ती शाळेत गेली. तिथे मूल वर्षभर डोळ्यांसमोर असते, शिक्षकांचे साहाय्य मिळते, सुट्ट्या ठरलेल्या असतात. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने सर्वसमावेशक शिक्षणाचे कर्तव्य सांगितल्यापासून शाळांतील या कामाला आधारही लाभला आहे. उणीव ही की एका तज्ज्ञाच्या वाट्याला फार मुले येतात आणि आईबापांची गाठ क्वचितच पडते. मूल शाळेत शब्द शिकते. घरी तो शब्द वापरून घ्यावयाचा असतो हे घरास ठाऊकच नसते.

आता एचएसआर लेआउटमध्ये तिच्या स्वतःच्या दोन खोल्या आहेत. येथे आईबाप समोर बसतात, आजीआजोबाही येतात. वेळ आणि पद्धत आपली. परंतु भाडे दर महिन्यास, उत्पन्न मात्र परीक्षा व सुट्ट्यांप्रमाणे वरखाली. अडल्यास विचारावयास शेजारी वडीलधारे कोणी नाही. आणि शुल्क पालकांच्या खिशातून जाते, हे मनास टोचते ते वेगळेच.

आमचे मत बदलले ते आमच्या मातोश्रींच्या आजारात. पक्षाघाताने त्यांची वाचा गेली. इस्पितळातील तज्ज्ञ कुशल होत्या. पण त्यांच्याकडे कन्नड आणि इंग्रजी, मातोश्रींकडे केवळ मराठी. चित्र दाखवून विचारले की मातोश्री डोळे मिटून घेत. पुढे घरी पुतणीने त्यांच्याजवळ बसून गणपतीची आरती धरली. ज्यांच्या तोंडून 'पाणी' हा शब्द निघत नव्हता, त्यांनी आरती सुरात पुढे चालविली! आम्ही चमत्कार समजलो. पुतणी म्हणाली, "चमत्कार नव्हे, काका. पाठांतर आणि गाणे अनेकदा शाबूत राहते. तिथून वाट काढायची." त्या वाटेने वार आले, नातवंडांची नावे आली, आणि काही महिन्यांनी एके दुपारी 'पाणी'ही आले. पूर्ण बोलणे परत आले नाही. परंतु मागून पाणी प्याल्या, हे आमच्या घरास पुष्कळ होते.

तेव्हा उमजले की कोणते दालन श्रेष्ठ, हा प्रश्नच अपुरा. इस्पितळाने प्राण व गिळणे सांभाळले, घराने शब्द दिले. तरुणांना आमचे सांगणे एवढेच : प्रथम काही वर्षे इस्पितळात हात तयार करा; मग आपल्या स्वभावास सहवास मानवतो की स्वातंत्र्य, हे ओळखून शाळा किंवा स्वतःची खोली निवडा. आणि कोठेही बसा, रुग्णाची घरची भाषा विचारल्यावाचून उपचार आरंभू नका.

पालकांनाही एक विनंती. मूल उशिरा बोलते म्हणून घरातील मराठी बंद करू नका. दोन भाषा ऐकल्याने वाचा खुंटत नाही, असे या शास्त्राचे सांगणे आहे. मराठी थांबली तर मुलाची अडचण तशीच राहते. आजीशी बोलणे मात्र तुटते.

मंडळाने पन्नास वर्षे या शहरात मराठी बोलती ठेवली. बंगळुरातील मराठी जाणणाऱ्या वाचोपचारतज्ज्ञांची एक यादी मंडळाच्या कार्यालयात लागावी, एवढी सूचना करून आम्ही आपली रजा घेतो.