स्वागताध्यक्षांचे भाषण : उपासनेतील पुरुषकंठ



ज्या अहमदनगरात १८३१ साली अमेरिकन मराठी मिशनने आपले ठाणे घातले, जेथे कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी ख्रिस्तचरित्र कीर्तनाच्या रंगी रंगविले आणि जेथे रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अभंगाला आमच्या उपासनेत हक्काचे आसन मिळवून दिले, त्या नगरीत या गायन-परिषदेच्या स्वागतसमितीच्या वतीने आपणां सर्वांचे मी अंतःकरणपूर्वक स्वागत करतो. निवासाची व भोजनाची तजवीज यथाशक्ती केली आहे. काही उणे आढळल्यास कार्यवाहांना निःसंकोच सांगावे.

परिषदेपुढील विषयांपैकी एकच माझ्या जिव्हाळ्याचा आहे, आणि तो म्हणजे उपासनेतील पुरुषांचा आवाज. वल्हांडणाचे भोजन आटोपल्यावर, पुढील संकट स्पष्ट दिसत असताना, प्रभू आणि त्याचे शिष्य स्तोत्र गाऊनच जैतुनाच्या डोंगराकडे निघाले. फिलिप्पै येथील तुरुंगात, फटक्यांनी अंग सोलवटलेले आणि पाय खोड्यात अडकलेले असताना, पौल व सीला मध्यरात्री गात होते आणि इतर बंदिवान कान देऊन ऐकत होते. अशा पूर्वजांचे वारस म्हणविणारे आम्ही पुरुष आज रविवारी गीताचे पुस्तक उघडून मुकाट्याने उभे राहतो आणि गाण्याचा सारा भार भगिनींवर टाकतो, ही गोष्ट मला मनापासून सलते.

याचे खापर केवळ अनास्थेवर फोडणे अन्यायाचे होईल. पेटीवर काळी चारमध्ये पद धरले की भगिनींचा गळा मोकळा होतो. पण तोच षड्ज धरून गाणारा सामान्य पुरुष अंतऱ्याला तार षड्जाशी पोहोचतो न पोहोचतो तोच त्याचा आवाज फाटतो, आणि एक सप्तक खाली उतरावे तर मंद्रातले स्वर घशातच विरतात. दोनदा असे फजीत झालेला मनुष्य तिसऱ्यांदा तोंड उघडीत नाही. तेच पद काळी एक वा दोनमध्ये घ्यावे, म्हणजे शेतावरून आलेला, गाण्याची तालीम कधी न घेतलेला गृहस्थही ध्रुपदाला नकळत साथ देऊ लागतो. कीर्तनकारामागे उभे राहणारे टाळकरी तरी कोठे गवई होते? परंतु त्यांनी खर्जाची बैठक दिली की स्त्रियांचा आणि मुलांचा स्वर तिच्यावर निर्धास्त उभा राहत असे, आणि बापाला गाताना पाहून शेजारी उभा असलेला मुलगाही गाऊ लागे. पुरुषकंठाचे सामर्थ्य मी मानतो ते हेच. मोठ्याने गर्जण्यात ते नाही.

म्हणून माझी नम्र विनंती अशी, की परिषदेने प्रत्येक मंडळीसाठी पट्टीविषयी काही शिरस्ता ठरवावा, काही पदे भगिनींच्या सोयीच्या पट्टीत व काही पुरुषांच्या पट्टीत गावीत, आणि पाळकांनी स्वतः पहिल्या कडव्यापासून गावे. आज रात्रीच्या भजनाची पेटी काळी एकमध्ये लावण्यास आम्ही सांगितले आहे; पुरुष प्रतिनिधींनी कृपा करून पुढील सतरंजीवर बसावे. आता अध्यक्षमहाराजांनी आसनस्थ होऊन परिषदेच्या कामकाजास प्रारंभ करावा, अशी मी त्यांना विनंती करतो.